वहिनीचं पेज मीच बंद पाडलं

वलगावच्या आमच्या झेंडूच्या ऑर्डरी वहिनीच्या पेजवर येतात, थेट अकोल्यापासून. दसऱ्याला आठ दिवस उरले असताना कोणीतरी तिचेच फोटो उचलून नकली पेज काढलं. फोनमधलं सगळं कळणारा माणूस असा घरात माझा लौकिक आहे. तो मीच पसरवलेला. मी गावातल्या सगळ्या ग्रुपांवर टाकलं, 'हे पेज नकली आहे, सर्वांनी तक्रार करा.' खाली लिंक दिली. ती निघाली वहिनीच्या खऱ्या पेजची.

लिंक उघडून पाहायची म्हणजे माझ्यावर अविश्वास दाखवायचा; तो कोणी दाखवला नाही. भजनी मंडळानं तक्रार केली, वांगीवाल्यांनी केली, खुद्द माझ्या भावानं शेतातून केली. तासाभरात पेज गायब.

मी थक्क झालो. आमच्या गल्लीतल्या फुटक्या नळाची तक्रार तीन उन्हाळे जुनी आहे. इथं मात्र न बघता, न विचारता एक अख्खं दुकान हवेत विरलं. पेज चालवणाऱ्या कंपनीकडे मी विनवणीचा अर्ज भरला. चहाला उकळी येण्याआधी उत्तर आलं : आम्ही तपासलं, निर्णय योग्य आहे. कोणी तपासलं? कुठं बसून? वीज पडून गेल्यावर माणूस आभाळाकडे पाहतो, तसा मी फोनकडे पाहत राहिलो.

भाऊ म्हणाला, "सरकारनंच हे हाती घ्याले पायजे. कायदा करा म्हना."

"सरकारच्या हाती?" वहिनी म्हणाली. "मांगं गडबड झाली तवा त्यायनं नेटच बंद केलं. तवाबी फुलं घरीच सडली. काय ठेवाचं, काय काढाचं, हे सरकारले नोका ठरवू देऊ. फक्त त्या कंपनीच्या दारात एक मानूस बसवाले लावा. काढलं तर काहून काढलं ते सांगीन, आपलं आयकून घेईन, असा."

"मंग तोच कायदा म्हन्तो ना मी."

"तसा असन तर करा. अन् भाऊजी, तुमी तो फोन तिकडे ठेवा."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिनं मला अमरावतीत रस्त्याकडेला टोपल्यांमागं बसवलं. जुनी गिऱ्हाइकं विचारत, "पेजवर दिसत नाही, धंदा बंद केला का?" वहिनी माझ्याकडे बोट दाखवी. "यायनं केला."

एका बाईंनी निवडलेल्या ढिगातून वहिनीनं एक फूल बाजूला काढलं.

"मी घेतलेलं फूल काहून काढता?" बाई तडकल्या.

वहिनीनं ते मधोमध फाडून दाखवलं. "आतून सडलं, पाहा. तरी पायजे असन तर न्या."

बाईंनी पाहिलं, मान हलवली, आणि आणखी किलोभर झेंडू घेतला. जगातल्या एवढ्या मोठ्या कंपनीला न जमलेली गोष्ट माझ्या वहिनीनं बोटांच्या एका चिमटीत केली होती. मी भाव ओरडायचाही विसरलो.

तरी दोन टोपल्या उरल्याच. दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी पेज आपोआप परत आलं. ती बातमी मी धावत घरात नेली.

"काहून आलं?" वहिनीनं विचारलं.

"माहीत नाही."

"मंग पुन्हा जाईनबी." तिनं एक वही माझ्यापुढे सरकवली. "गिऱ्हाइकायचे नंबर यात उतरवा. हातानं. अन् वाचून दाखवा मले."