नळाला चिकटलेला हात

मी माझ्या आईचा हात लाकडानं मारून मोडला. आमच्या गल्लीत ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, पण प्रत्येकजण ती वेगळी सांगतो. म्हणून एकदा मीच लिहून ठेवतो.

आम्ही लातूरला राहतो. खाली मी, बायको आणि आई. वर मोठा भाऊ आणि वहिनी. आईला आम्ही अव्वा म्हणतो, भावाला अण्णा. मी चाकूरला शाळेत शिकवतो, रोज बसनं जातो-येतो. अण्णा शेतातल्या मोटारी दुरुस्त करतो, त्यामुळे घरातल्या विजेच्या कामात शेवटचा शब्द त्याचा. घरात वायरमन बोलावला तर तो स्वतःचा अपमान समजायचा. आणि अण्णापुढं बोलायची मला सवय नव्हती. वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, तो सतरा. अभ्यास चुकला की तो कमरेचा पट्टा काढायचा. एकदा सायकलच्या चेननं मारलं, त्याचा वण पाठीवर अजून आहे. स्वतःचं शिक्षण सोडून त्यानंच मला शिकवलं, हेही तितकंच खरं.

अव्वाचे गुडघे गेल्यावर तिला वाकून तांब्यानं पाणी घेणं जमेना. म्हणून खालच्या न्हाणीत आम्ही छोटा गिझर आणि शॉवर बसवला. प्लास्टिकच्या स्टुलावर बसून ती अंघोळ करायची. अंघोळ झाल्याशिवाय गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा करायची नाही, आणि पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी घालायचं नाही, हा तिचा नेम. थंडी असो की ताप, साडेपाचला ती न्हाणीत.

हिवाळा सुरू झाला आणि शॉवर बिघडला. पाणी जरा कोमट झालं की वरच्या मजल्यावरच्या मेन बोर्डातलं ब्रेकर खट्कन पडायचं आणि सगळं घर बंद व्हायचं. मी जिना चढून ते वर करायचो, दोन मिनिटांत परत पडायचं. कुठं करंट गळायला लागला की ते ब्रेकर पडतं, म्हणजे ते आपलं काम चोख करत होतं. हे मला फार उशिरा कळलं.

अण्णानं बोर्ड उघडला, बघितलं आणि म्हणाला, "ब्रेकर खराब झालंय. काढून टाकतो, डायरेक्ट करतो."

"नवीन बसवायचं का?" मी विचारलं.

"आता तू मला शिकवायलास का?"

त्यानं ब्रेकर काढलं, खाली येऊन न्हाणीबाहेरच्या बटणातल्या गिझरच्या वायरी सोडल्या, परत जोडल्या. त्या दिवसापासून शॉवरला कडक पाणी येऊ लागलं.

चार-पाच दिवसांनी अव्वा मला म्हणाली, "तोटीला हात लावला की मुंग्या येतात रे."

"शुगरमुळं येत असतील," मी वहीवरून नजर न काढता म्हणालो. मी पोरांचे पेपर तपासत होतो.

तिनं अण्णालाही सांगितलं. त्यानं तोटीला टेस्टर लावला. आत बारीक लाल उजेड दिसला. "भिंत ओली हाय, तेवढं येतंच," तो म्हणाला, "रबरी चप्पल घालून बसत जा." ती चप्पल घालून बसू लागली. नंतर एका गुरुवारी माझ्या बायकोला झटका बसला. हात भिंतीवर असा आदळला की बांगड्या फुटून मनगटात घुसल्या. ती नांदेडकडची आहे, मोजकं बोलते. मनगटाला फडकं गुंडाळत ती म्हणाली, "तो नळ मारून राहिला. आजच बंद करा." मी वर जाऊन अण्णाला सांगितलं. तो म्हणाला, रविवारी बघतो. मी 'बरं' म्हणून खाली आलो. गिझरचं बटण बंद करून त्यावर चिकटपट्टी लावणं एवढं माझ्या हातात होतं. मी तेवढंही केलं नाही.

शनिवारी सकाळची शाळा असते, म्हणून मी उठलेलो होतो. दात घासताना न्हाणीतून आवाज आला. ती किंकाळी नव्हती. दात आवळून कुणी कण्हावं तसा एकाच सुरात लांबत गेलेला आवाज होता. मी दार ठोठावलं, हाक मारली. आतून तोच आवाज. तीन लाथा घातल्या तेव्हा कडी चौकटीतून उपटून निघाली.

अव्वा स्टुलावरून घसरून खाली पडली होती. अंगावर ओलं लुगडं. उजवा हात वर तोटीला, बोटं तोटीभोवती आवळलेली. मान मागं ताठ झालेली, डोळे उघडे, जीभ दाताखाली सापडून हनुवटीवर रक्त. एक चप्पल पाण्यात तरंगत होती. मी दाराबाहेरचं गिझरचं बटण बंद केलं. लाल दिवा विझला. तिचा हात सुटला नाही. अंग तसंच थरथरत राहिलं.

बटण बंद करूनही करंट वाहतोय हे मला समजेना. मी तिला ओढायला पुढं झालो, तेवढ्यात बायकोनं मागून सदरा धरून मला बाहेर खेचलं. "हात लावू नका, दोघंही जाल." आणि जिन्याकडं तोंड करून ती ओरडली, "अण्णा, मेन पाडा." वरचं दार बंदच होतं.

धुण्याच्या दगडापाशी कपडे बडवायचं धोपाटणं उभं होतं, कोरडं. ते घेऊन मी आत गेलो आणि अव्वाच्या हातावर मारलं. कातडी फाटली, बोटं सुटली नाहीत. दुसरा घाव मी सगळ्या ताकदीनं मनगटावर घातला. ऊस मोडावा तसा आवाज झाला. हात तोटीवरून निखळला आणि ती फरशीवर डोकं आपटून पडली.

आम्ही दोघांनी तिला चादरीत गुंडाळून ओसरीत आणलं. ती श्वास घेत होती. मग अण्णा बनियनवरच खाली आला. दाराबाहेरच्या बटणाकडं बघून त्यानं विचारलं, "हे बंद केलं नव्हतं का?"

"केलं होतं."

"मग शॉक बसंलच कसा?"

आम्ही खोटं बोलतोय अशा सुरात तो म्हणाला. धोपाटणं अजून माझ्या हातात होतं. ते टाकण्याएवढी अक्कल राहिली होती. टाकलं आणि मुठीनं त्याच्या तोंडावर मारलं. जन्मात पहिल्यांदा. तो भिंतीवर गेला. मी परत मारलं, परत मारलं. त्याचा पुढचा दात माझ्या बोटाच्या सांध्यात रुतला. पहिले तीन-चार ठोसे त्यानं नुसते घेतले, बहुधा त्याचा विश्वासच बसला नसावा. मग त्यानं माझा गळा धरला आणि मला खाली पाडून छातीवर बसला. वहिनी त्याचे केस ओढत होती, बायको त्याच्या पाठीवर बुक्क्या मारत होती. माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. श्वास बंद होताना मला भीती वाटली नाही, राग तेवढा वाटत होता.

"आधी मला दवाखान्यात न्या," चादरीतून अव्वा म्हणाली. जीभ सुजली होती, शब्द नीट येत नव्हते. "मग मरा एकमेकाला मारून."

अण्णा माझ्या छातीवरून उठला.

दवाखान्यात डॉक्टरांनी मनगट बघितलं, हातावरची फाटलेली कातडी बघितली, मग आमची दोघा भावांची सुजलेली तोंडं बघितली. "आजींना कुणी मारलं?"

"मी," मी म्हणालो.

"तोटीला चिकटले होते मी," अव्वा म्हणाली. "त्यानं मारलं म्हणून सुटले. दोघांना आधी सांगितलं होतं, मुंग्या येतात म्हणून. दोघंबी शाळा शिकलेले."

डॉक्टरांनी एक्स-रेची चिठ्ठी लिहिली.

दुसऱ्या दिवशी मी अण्णाला न विचारता वायरमन बोलावला. म्हातारा माणूस, शांतपणे काम करणारा. अण्णा सुजलेल्या ओठानं जिन्याच्या पायरीवर येऊन बसला, पण त्याला अडवलं नाही. वायरमननं मेन पाडला आणि गिझर उघडला. आतल्या कॉइलवर बोअरच्या क्षाराचा बोटभर पांढरा थर, आणि त्याखाली कॉइलची नळी उभी चिरलेली. तिथून करंट सरळ पाण्यात उतरत होता. मग त्यानं बटण खोललं.

"फेज न्यूट्रल उलटे जोडलेत," तो म्हणाला. "बटण बंद केलं तर गिझर बंद होतो, पर करंट आतच ऱ्हातो. हे कुणी जोडलं?"

"मी," अण्णा म्हणाला.

माझ्या मनात तेव्हा काय आलं ते लिहितो. मला समाधान वाटलं. त्याला मारलं ते बरोबरच होतं असं वाटलं. ते समाधान पाचेक मिनिटं टिकलं असेल.

वायरमन अंगणात आला. "एवढं असूनबी अर्थिंग चांगली असती तर मावशींना इतका शॉक बसला नसता. बराचसा करंट जमिनीत गेला असता. तुमची अर्थिंग कुठाय?" अण्णानं भिंतीकडेची जागा दाखवली. वायरमननं थोडं उकरलं. भिंतीतून उतरलेली लोखंडी पट्टी वीतभर मातीत जाऊन संपली होती. टोक बोथट, दबलेलं.

"गंजून न्हाई गेलं हे," तो म्हणाला. "कुदळीनं तोडलंय."

दिवाळीच्या आधी बोअरला पाणी मुरावं म्हणून मी तिथं शोषखड्डा खणला होता. अण्णा त्या आठवड्यात कामासाठी किनवटकडं गेला होता. एक गंजकी पट्टी आडवी आली, ती जुन्या पाइपाची असेल म्हणून मी दोन घावांत तोडली आणि भंगारात टाकली. अण्णाला विचारलं नाही, कारण विचारलं की बोलणी खावी लागतात.

अण्णा माझ्याकडं बघत होता. खड्डा कुणी खणला ते त्याला माहीत होतं.

"मी तोडली," मी म्हणालो.

तो उठला, सावकाश माझ्यापर्यंत आला आणि डाव्या कानाखाली एक ठेवून दिली. सगळे आवाज बंद झाले, मग एक बारीक शिट्टी सुरू झाली. मी हात उचलला नाही. कानाचा पडदा फाटला होता हे दोन दिवसांनी समजलं.

वायरमननं पक्कड पिशवीत टाकली. "काम करू का जाऊ?"

"कर," अण्णा म्हणाला आणि त्यानं पहार उचलली. तो खणत गेला, मी माती ओढत गेलो. कमरेएवढा नवा खड्डा झाला. त्यात पत्रा उभा केला, कोळसा आणि खडेमीठ भरलं, वर पाणी ओतलं. काम संध्याकाळपर्यंत चाललं. त्याच्या ओठातून मधूनच रक्त यायचं, तो ते मातीत थुंकायचा.

दोन महिने अव्वाची पूजा वहिनीच्या हातानं झाली. अव्वा डाव्या तळहातावर लिंग धरायची. पाणी, भस्म, बेलपान वहिनी वाहायची. शॉवर मी काढून टाकला. बायको गॅसवर पाणी तापवून तिला अंघोळ घालते.

प्लास्टर काढलं तेव्हा मनगट वाकडं जुळलेलं निघालं. मूठ पुरती मिटत नव्हती, भाकरी थापता येईना. डॉक्टर म्हणाले, सरळ करायचं तर हाड पुन्हा मोडून जुळवावं लागेल. मी अण्णाकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं.

अव्वानं हात पदराखाली ओढून घेतला. "न्हाई. आता कुणी मोडायचं न्हाई. वाकडा तर वाकडा."

आम्ही तिघं एकाच रिक्षात बसून घरी आलो. ती मधे बसली होती.