मे महिन्यातला आठवडा

माझे थोरले दीर माझ्याशी सोळा वर्षं थेट बोलले नव्हते. भांडण नव्हतं, रीत होती. धाकट्या भावाच्या बायकोशी समोरासमोर बोलायचं नाही, काही सांगायचं असेल तर भावाला सांगायचं. ओटीवर बसून ते ह्यांना म्हणत, "तिला म्हणावं, चहात साखर कमी आहे." मी आतून ह्यांनाच म्हणे, "दादांना म्हणावं, साखर संपलीय." मधे बसलेले आमचे हे दोन्हीकडे मान हलवत. रीत म्हणून मला त्याचं कधी काही वाटलं नाही. वाटायला लागलं ते दादांना माझे पैसे हवे झाले तेव्हा. कारण पैसेसुद्धा त्यांनी मला मागितले नाहीत. ह्यांना सांगितलं, तिला सांग.

मी सुकी मासळी विकते. माहेर साखरशेतचं, घरात भात आणि नाचणी, मासळीशी संबंध फक्त कालवणापुरता. लग्न होऊन जव्हारला आले तेव्हा ह्यांची प्राथमिक शाळेतली नोकरी कायम झाली नव्हती. पगार कधी येई, कधी दोन-दोन महिने येत नसे. बाजारातल्या एका म्हाताऱ्या मासळीवालीची टोपली मी अर्ध्या वाट्यावर उचलली आणि मोखाड्याच्या बाजारात जाऊन बसले. पहिल्याच वर्षी एका व्यापाऱ्याने ओलसर बोंबील माझ्या गळ्यात मारले. वरचा थर कडकडीत, आतला दमट. तीन दिवसांत सगळा माल खड्ड्यात पुरावा लागला. तेव्हापासून मी वरचा माल बघतच नाही. गठ्ठ्यात कोपरापर्यंत हात घालते, तळातला एक बोंबील ओढून काढते आणि वाकवते. तुटला तर घेते. वाकला तर उठून चालू लागते, व्यापाऱ्याने कितीही हाका मारल्या तरी.

सासरी सगळे शिकलेले. दादा सरकारी कचेरीत कारकून, जाऊबाई शिक्षिका, हे शिक्षक. मी सातवी. घरात शिरले की जाऊबाई म्हणत, "पिशवी बाहेरच्या खुंटीला लाव गं, वास येतो." पिशवी बाहेर राही, पैसे आत येत. घरावर स्लॅब पडला तो त्या वासाच्या पैशांनी, हे मात्र कोणी कधी बोलून दाखवलं नाही. म्हणून मीच दाखवत असे. माझी जीभ तिखट आहे, हे मला ठाऊक आहे.

आता मे महिन्याचं सांगते, कारण सगळं त्यावरच आलं.

शिक्षकांना मे महिन्यात सुट्टी. माझा धंदा मात्र वर्षातून एकदाच खरा होतो, तोही मे महिन्यातच. वांगणीकडची, मोखाड्याच्या पाड्यांवरची माणसं वीटभट्ट्यांवरून आणि बांधकामांवरून परत येतात ती पावसाच्या आधी. हातात रोख असते आणि चार महिन्यांचे जिन्नस भरायचे असतात. मीठ, मिरची, कांदे आणि सुकी मासळी. पाऊस लागला की पाड्यावरून बाजारात येणं होत नाही. त्या तीन-चार आठवड्यांत मी वर्षभराचं कमावते. एक दिवस चुकला तर गिऱ्हाईक दुसरीकडे बसतं आणि पुढच्या वर्षीही तिकडेच जातं.

एका मे महिन्यात घरातले सगळे जीप करून महाबळेश्वरला गेले. हेही गेले, मुलंही गेली. जीपचे अर्धे पैसे माझे. जाऊबाई म्हणाल्या, "तुझं काय बाई, तुझा बाजार." आणि जाताना माझ्याकडून जवळ्याची चटणी डबाभर करून नेली. त्या चटणीला मात्र वास येत नव्हता. परत आले ते माझ्यासाठी एक चामड्याची चप्पल घेऊन. एक नंबर लहान. इतकी वर्षं एका घरात राहून माझा पाय कोणी पाहिला नव्हता. ती चप्पल मी अजून ठेवली आहे.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. नाशिकला एका प्रदर्शनात दादांनी एक कूपन भरलं आणि महिन्याभरात पत्र आलं, तुम्हाला बक्षीस लागलंय, सहा माणसांचा डिनर सेट, कुटुंबासह येऊन घेऊन जा. बक्षिसाबरोबर एक योजना ऐकायची होती. एकदाच पैसे भरायचे आणि पंचवीस वर्षं दरवर्षी एक आठवडा त्यांच्या रिसॉर्टमध्ये राहायचं. दादांनी आधीच ठरवलं होतं. दोन भावांत मिळून घ्यायचं, अर्धं-अर्धं. ह्यांच्या अर्ध्यात ह्यांचं काय होतं? पतपेढीचं कर्ज फिटतच होतं. रोख होती ती माझ्याकडे, आणि ती कशासाठी आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं. एसटी स्टँडामागे एक गाळा मिळत होता. वर पत्रा, पुढे शटर. चौदा वर्षं मी उन्हात गोणपाट अंथरून बसले होते, अवकाळी सर आली की माल पोटाशी धरून पळत होते. गाळ्याचा मालक दिवाळीपर्यंत थांबायला तयार होता. त्यानंतर नाही.

"दादा म्हणतात, आपणही घेऊ," हे म्हणाले.

"दादा मला म्हणाले?"

"मला म्हणाले."

"मग तुम्ही घ्या."

पण माल न बघता नाही म्हणायची मला सवय नाही. मी म्हटलं, चला, बघू तरी.

चौघं एसटीने मोखाडा, त्र्यंबक करत नाशिकला गेलो. हॉटेलच्या थंडगार हॉलमध्ये वीस-पंचवीस टेबलं, प्रत्येकावर एक जोडपं आणि एक टायवाला. मधूनच कोणीतरी माईकवर सांगे, अमुक टेबलावरचे साहेब सभासद झाले, आणि सगळे टाळ्या वाजवत. आमच्याही टेबलाला एक टायवाला आला. आधी तळ्याकाठच्या बंगल्यांचे फोटो दाखवले. मग मला विचारलं, "मॅडम, वर्षातून किती दिवस सुट्टी घेता?"

"होळीला एक."

"बघा सर, मॅडमना किती गरज आहे. कुठून आलात?"

"जव्हार."

"अरे वा, तुम्ही तर हिल स्टेशनलाच राहता. आमचे मेंबर येतात तिकडे, शिरपामाळ बघायला."

"मग त्यांना आठवडे कशाला विकता? एसटीचं तिकीट काढून द्या."

जाऊबाईंनी मला कोपराने ढोसलं.

त्याने आठवड्यांचे रंग सांगितले. लाल म्हणजे मे आणि दिवाळी, सगळ्यात महाग. पांढरे मधले. निळे पावसाळ्यातले, जवळजवळ निम्म्या भावात. ऐकून माझे कान टवकारले. श्रावणात गावात कोणी मासळीला हात लावत नाही. ती सुट्टी नव्हे, पण माझी टोपली तेव्हा महिनाभर पालथी असते. मी ह्यांना म्हटलं, "दादांना म्हणावं, निळा घ्या. निळ्यात मला येता येईल, आणि पैसेही निम्मे."

दादा ह्यांना म्हणाले, "तिला सांग, पावसात कोण मरायला जातं? लालच घ्यायचा. मे महिन्यात सगळ्यांना जमतं."

"सगळ्यांना म्हणजे कोणाकोणाला, ते विचारा."

टायवाला गोंधळून म्हणाला, "मॅडम, सर समोरच बसलेत."

"बसू देत. आमच्यात असंच बोलतात."

जाऊबाईंनी मधे तोंड घातलं. "अगं, एक वर्ष बाजारात नाही बसलीस तर काय बिघडेल?"

"एक नाही ताई, पंचवीस. पंचवीस वर्षं मे महिन्यात तुम्ही तळ्याकाठी आणि मी गोणपाटावर. अर्धे पैसे माझे."

"तुझी मुलं येतीलच की."

"चटणी कोण देणार, तेही आत्ताच ठरवून टाका."

टायवाल्याला चटणीचं काही कळलं नाही, पण गिऱ्हाईक हातचं जातंय एवढं कळलं. त्याने भाव उतरवला. लाल आठवड्याचे त्याने पंचाण्णव हजार सांगितले होते. त्याने सरबत मागवलं आणि पंच्याऐंशी म्हणाला. मी सरबत प्यायले. तो उठून त्याच्या साहेबाशी बोलून आला आणि म्हणाला, "फक्त आजच्या दिवसासाठी, फक्त तुमच्यासाठी, पंचाहत्तर."

दादांचे डोळे चमकले. माझ्या मनातलं मात्र तेव्हाच पक्कं झालं. एका सरबतात जो भाव वीस हजारांनी उतरतो तो मालाचा भाव नव्हेच. मी गठ्ठ्यात हात घातला.

"दरवर्षी वेगळं काय भरायचं असतं?"

"देखभालीचं थोडंसं, मॅडम."

"थोडंसं म्हणजे?"

त्याने आकडा सांगितला. तेवढ्यात आमचा महिन्याचा किराणा येत होता.

"तो वाढतो?"

"थोडा वाढू शकतो."

"आम्ही गेलो नाही तरी भरायचा?"

"हो, पण तुमचा आठवडा पुढच्या वर्षी..."

"बरं. समजा मी आत्ता पंचाहत्तर हजार मोजले. कागद माझा झाला. जेवायला बसायच्या आधी माझं मन फिरलं. तुम्हीच परत घ्या. किती द्याल?"

तो हसला. "कंपनी परत घेत नाही, मॅडम. तुम्ही दुसऱ्याला विकू शकता."

"दुसऱ्याला कशाला? तुम्हीच घ्या. तुम्हाला त्याचे गुण माहीत आहेत. अर्ध्यात देते."

तो परत हसला, पण कमी.

"पंधरा हजारात? पाच?"

त्याने साहेबाकडे बघितलं. साहेब दुसऱ्या टेबलावर टाळ्या वाजवत होता.

"माझा बोंबील उरला तर किनाऱ्यावरचा व्यापारी पडत्या भावाने का होईना, उचलतो," मी म्हटलं. "सुक्या माशाला परत फिरून भाव आहे. तुमच्या आठवड्याला नाही. मी घेणार नाही."

आणि तेव्हा दादा बोलले. ह्यांच्याकडे न बघता, थेट माझ्या तोंडाकडे बघून. "तुला काय कळतं गं त्यातलं? नवऱ्याला ठरवू दे की."

सोळा वर्षांनी पहिलं वाक्य. जाऊबाईंचा ग्लास हातातच राहिला. मी पदर सारखा केला, तो डोक्यावर नाही, खांद्यावर.

"दादा, तोंडाने बोललात, बरं झालं. आता मीही तुम्हालाच सांगते. पैसे माझे आहेत. मागायचे तर माझ्याकडे मागायचे. आणि मागितलेत तरी देणार नाही, मला गाळा घ्यायचाय."

दादांनी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांच्यापुढे फॉर्म होता आणि हातात उघडं पेन. ह्यांनी पेनाला टोपण लावलं आणि टायवाल्याला विचारलं, "साहेब, तो डिनर सेट द्यायचा होता ना?"

मी ह्यांच्याशी आयुष्यात पुष्कळ भांडले आहे. त्या एका वाक्यासाठी बरीच भांडणं सोडून दिली.

डिनर सेट जाऊबाईंनी नेला, कूपन दादांचं होतं. दादांनी पुढच्या महिन्यात एकट्याने हप्त्यांवर लाल आठवडा घेतला, मला दाखवायलाच म्हणून. गावात सांगितलं की मासळीवालीने घर फोडलं. घर कुठे फुटलं होतं? स्लॅब अजून तसाच होता. मी दिवाळीआधी गाळ्याची अनामत भरली.

पण एक सांगायचं राहतं. गाळा लावताना ह्यांच्या वहीतून त्या योजनेच्या कागदांमधला तळ्याचा फोटो खाली पडला. घडी घालून ठेवलेला. मी काही विचारलं नाही, तसाच परत ठेवला. ह्यांना ते तळं बघायचं होतं, आणि त्या टेबलावर त्यांनी ते माझ्यासाठी सोडून दिलं होतं. हे मला टोचलं. अजूनही टोचतं. म्हणून निर्णय चुकला असं मात्र मी म्हणणार नाही.

चार वर्षांनी, मे महिन्यात, भर बाजाराच्या दिवशी दादा गाळ्यावर आले. वांगणीची एक म्हातारी जवळ्यावरून माझ्याशी हुज्जत घालत होती. दादा बाजूला उभे राहिले. ती गेल्यावर म्हणाले, "तुला वेळ आहे का?" मला म्हणाले. ह्यांना नाही, मला.

लाल आठवडा त्यांना एकदाच मिळाला होता. मे महिन्यातल्या खोल्या आधीच भरलेल्या असत, आणि मग जे उरे ते घ्यावं लागे. देखभालीचा आकडा दरवर्षी वाढत होता. यंदा श्रावणातला आठवडा मिळत होता आणि त्यांना जायचं नव्हतं. "तू घेशील का? देखभालीचे भरलेस तरी पुरे."

मी त्यांना बसायला स्टूल दिलं. चहा मागवला, साखर जास्त. त्यांचा चहा संपेपर्यंत एका गिऱ्हाइकाला बोंबील मोजून दिले. मग म्हटलं, "अर्धे."

"अगं, तेवढे मला भरावेच लागतात."

"मी घेतला नाही तरी भरावे लागतात, दादा."

त्यांनी रिकामा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "घे."

श्रावणात ह्यांनी रजा टाकली आणि आम्ही गेलो. तळ्यावर चार दिवस धुकं होतं. पाचव्या दिवशी दुपारी तळं दिसलं, आणि हे संध्याकाळपर्यंत खुर्ची हलवून हलवून बघत राहिले. खोलीत गॅस होता, भांडी होती. मी सात दिवस काडी पेटवली नाही. त्या भावाला तो आठवडा घेण्यासारखा होता. पंचाहत्तर हजाराला नव्हता, आणि मी तेव्हा हेच म्हटलं होतं.

गाळ्यावर आले होते त्या दिवशी जाताना दादांनी किलोभर जवळा मागितला आणि चार रुपये कमी कर म्हणाले. मी पुडी बांधली, पुढे ठेवली आणि पूर्ण पैसे घेतले.