ऐनारच्या मुलीसाठी रिव्हॉल्व्हर

हॅल्वर ग्रोनडाल बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. कोडियाकच्या बंदरात त्याच्या हाताखालून न गेलेलं इंजिन शोधावं लागलं असतं. माणूस अबोल. इंजिनाला कान लावून बसायचा आणि दहा मिनिटांनी एवढंच म्हणायचा, "याच्या पोटात दुखतंय." मग नेमकं कुठं दुखतंय ते काढून हातात द्यायचा. त्याला मूलबाळ नव्हतं. बायको बेरिट कॅन्सरनं गेली, त्यानंतर त्याला आपलं म्हणावं असे दोघंच उरले. धाकटा भाऊ ऐनार आणि ऐनारची मुलगी सिग्ने.

ऐनार उन्हाळ्यात टेल्नाया नदीवर सॅमन मोजायच्या कामाला असायचा. नदीला आडवं कुंपण घालायचं, त्यातल्या एका फटीतून वर चढणारे मासे मोजायचे आणि संध्याकाळी रेडिओवर आकडा कळवायचा. त्या आकड्यावर बंदरातल्या बोटींना जाळी टाकायची परवानगी मिळते. आता मासे जिथं, तिथं अस्वलं. लांब बंदूक काठावर टेकवलेली राहते, कारण दोन्ही हात पाण्यात असतात. छातीवर पट्ट्यानं बांधलेलं रिव्हॉल्व्हर तेवढं माणसाबरोबर असतं.

ऐनारचं रिव्हॉल्व्हर हॅल्वरनं त्याला पन्नासाव्या वाढदिवसाला दिलं होतं. घेतलं होतं आमच्या दुकानातून, माझ्या काउंटरवरून. मी मॅट्रोना. बंदरावरच्या हार्डवेअरच्या दुकानात बंदुकांच्या काउंटरमागं एकवीस वर्षं उभी आहे. ते रिव्हॉल्व्हर पॉइंट चव्वेचाळीसचं होतं, मोठ्या गोळीचं, पण हलक्या धातूचं. उचललं तर हातात काही आहे असं वाटायचं नाही. "हे अंगावर आहे हेच विसरायला होईल त्याला," असं मी हॅल्वरला म्हटलं होतं. ते वाक्य माझं होतं, दुसऱ्या कुणाचं नव्हे.

ऑगस्टमधल्या एका दुपारी पिलं बरोबर असलेली अस्वलीण ऐनारवर धावून आली. बरोबरचे दोघं कुंपणाच्या दुसऱ्या टोकाला होते. त्यांनी दोन बार ऐकले. तिसऱ्याची वाट बघत ते धावत सुटले, पण तिसरा बार झालाच नाही.

दोन दिवसांनी पोलिसानं ते रिव्हॉल्व्हर पिशवीत घालून माझ्याकडं आणलं. सहा घरांची चक्री अडकून बसली होती, आणि आत अजून चार काडतुसं जिवंत होती.

"उघडता येईल तुला?" त्यानं विचारलं.

मी दिव्याखाली धरून बघितलं. दोन बारांच्या धक्क्यानं एका काडतुसातली गोळी पुंगळीतून सुटून पुढं सरकली होती. तिचं टोक चक्रीच्या बाहेर येऊन चौकटीला अडलं होतं. अशा वेळी चक्री फिरत नाही, घोडा मागं येत नाही, चाप दाबून दाबून बोट मोडलं तरी काही होत नाही. मी पितळी सळईनं गोळी मागं ढकलली, चक्री उघडली आणि काडतुसं तळहातावर उलटी केली. त्यांच्या बुडाला लाल नेलपॉलिश होतं.

घरी काडतुसं भरणारे लोक ओल आत शिरू नये म्हणून बुडाला काहीतरी लावतात. आमच्या गावात बेरिटच्या टेबलावरचं लाल नेलपॉलिश लावणारा एकच माणूस होता.

हलकं रिव्हॉल्व्हर दणका जास्त देतं. पुंगळीचं तोंड गोळीभोवती घट्ट आवळलेलं असेल तर गोळी तो दणका सोसते, जरा सैल असेल तर सरकते. रिव्हॉल्व्हर मी सुचवलेलं आणि काडतुसं हॅल्वरनं भरलेली. पोलिसाला मी म्हटलं, "गोळी पुढं सरकून चक्री अडकली. हलक्या रिव्हॉल्व्हरात होतं असं कधीकधी." त्यानं तेवढंच लिहून घेतलं. हॅल्वरच्या कानावरही तेवढंच गेलं.

ऐनारचं दफन झालं. जेवणाला माझ्या आईनं सॅमनचा पिरोक, म्हणजे मासा भरून भाजलेली जाड पोळी, केला होता. हॅल्वरनं एक तुकडा ताटात घेतला आणि तसाच ठेवला. नोव्हेंबरमध्ये कळलं, की सिग्नेनं बापाच्या जागी अर्ज केलाय आणि तो मंजूरही झालाय. चोवीस वर्षांची पोरगी, बापासारखीच हट्टी. लहानपणापासूनचे तिचे सगळे उन्हाळे त्याच नदीवर गेलेले. हॅल्वरनं तिला अडवून बघितलं. "मग मी कुठं जाऊ, काका?" असं तिनं विचारलं.

त्यानंतरच्या शनिवारी तो दुकानात आला.

"मॅट्रोना, मोठ्या गोळीची जेवढी आहेत तेवढी सगळी काढ."

मी चार काढून कापडावर ठेवली. त्यानं खिशातून इंजिनाच्या कामाच्या बारीक पोलादी पट्ट्या काढल्या आणि चक्री आणि नळी यांच्यामधल्या फटीत एकेक पट्टी सरकवून बघायला लागला. मग चाप दाबून धरून चक्री हलवून बघायची, घराघराला. मग मासे तोलायचा ताणकाटा चापाला अडकवून, किती जोर लागतो ते बघायचं. चारांपैकी एक त्यानं दहा मिनिटांत बाजूला सारलं.

"हे फॅक्टरीतून आलंय?"

"तिथूनच येतात सगळी."

"मग तिथल्या माणसाला घरी जायची घाई होती. तिसरं घर नळीसमोर सरळ येत नाही. बघ."

मी बघितलं. त्याचं खरं होतं. मी ते कपाटात परत ठेवलं आणि कंपनीला चिठ्ठी लिहिली.

असा तो हिवाळाभर येत राहिला. बाहेर वारा, आडवा पाऊस, विमानं रद्द, दुकानात कुणी नसायचं. उरलेली तीन रिव्हॉल्व्हरं त्याची वाट बघत असल्यासारखी पडून राहायची. एक पॉइंट पाचशेचं, पाच घरांचं, उखळीएवढं जड. एक चारशे चौपन्नचं, चाप जरा राठ, पण घडण ऐरणीसारखी. तिसरं चव्वेचाळीसचं, पोलादी, चार इंची नळीचं, वजनदार, चाप मात्र लोण्यासारखा. तो तिन्ही खोलायचा, पुसायचा, जोडायचा. माझ्याकडून कॉफी घ्यायचा आणि निघून जायचा.

एकदा तो पिशवीतून सॅमनचं डोकं घेऊन आला.

"हे काय आणलंस? माझं काउंटर आहे हे, माशांचा धक्का नाही!"

"नदीवर हात कोरडे असतात का?" असं म्हणत त्यानं दोन्ही तळव्यांना माशाचा बुळबुळीत चिकटा फासला आणि एकेक दस्ता पकडून बघितला. "पाचशेचं निसटतंय. सिग्नेच्या हाताला ते पेलायचं नाही. पहिला बार होईल, पण दुसरा होईपर्यंत अस्वल येऊन उभं राहील."

"मग पाचशेचं गेलं."

"गेलं. साबण दे."

त्या दिवशी मी हसले. त्यालाही हसू आलं होतं, पण हात धुताना त्यानं मान खाली घातली ती वर केलीच नाही. नळ तसाच वाहत होता.

मार्चमध्ये वारा पडला तेव्हा आम्ही उरलेली दोन रिव्हॉल्व्हरं घेऊन गावाबाहेरच्या चांदमारीवर गेलो. काडतुसं दुकानातली, नवी डबी. हॅल्वर पाच बार टाकायचा, सहावं काडतूस बाहेर काढायचा आणि त्याची लांबी मोजायचा. मग तेच काडतूस परत घालून पुन्हा पाच. तेच एक काडतूस पंचवीस बारांचे दणके खाईपर्यंत त्यानं हे चालवलं. मनगट सुजलं तरी थांबेना.

"केसभरही सरकलं नाही," तो म्हणाला. चव्वेचाळीसचं त्याच्या हातात होतं. "दोन्हीत नाही सरकलं."

"चांगलंय की मग."

"हो." तो मापाच्या काट्याकडं बघत राहिला. "मॅट्रोना, ही काडतुसं चांगली आवळलेली आहेत ना?"

"फॅक्टरीची आहेत. मशीन आवळतं."

त्यानं काडतूस परत डबीत ठेवलं. त्यानं स्वतःच्या काडतुसांबद्दल सरळ विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी स्वतःला पुष्कळदा समजावलंय. पण त्या दिवशी त्यानं जवळजवळ विचारलंच होतं, आणि मी मशीनचं नाव पुढं केलं.

चारशे चौपन्नचं जोरकस होतं, पण सिग्नेच्या मनगटाला झेपेल की नाही याची त्याला खात्री वाटेना. मे महिन्यात तो तिला दुकानात घेऊन आला. तिनं दोन्ही हातात धरून बघितली आणि चव्वेचाळीसचं उचललं.

"जड आहे," ती म्हणाली.

"जडच पाहिजे," हॅल्वर म्हणाला. "अंगावर आहे हे आठवत राहायला पाहिजे."

मी मान वळवून पट्टे शोधायला लागले.

पट्टा छातीवर बसवून झाल्यावर हॅल्वर म्हणाला, "रविवारी ये घरी. शंभरेक काडतुसं भरून देतो."

सिग्ने पट्ट्याचं बक्कल लावत होती. तिनं वर बघितलं नाही. अगदी हळू म्हणाली, "काका, काडतुसं मी इथूनच घेईन."

दुकानात आम्ही तिघंच होतो. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. पोलिसाकडून बापाच्या वस्तू परत मिळाल्या तेव्हा ती लाल बुडाची काडतुसं तिनं बघितली होती, हे मला तेव्हा समजलं. नऊ महिने ती एकटीनं ते पोटात घेऊन फिरत होती. दर रविवारी काकाकडं जेवत होती, त्याची भांडी घासत होती.

हॅल्वर म्हणाला, "बरं."

ती बाहेर गाडीत जाऊन बसली. तो काउंटरला धरून उभा राहिला.

"तू उघडलंस ते रिव्हॉल्व्हर," तो म्हणाला.

"हो."

"काडतुसं माझी होती."

"हो, हॅल्वर."

"मग पोलिसाला सांगितलं का नाहीस?"

"कारण रिव्हॉल्व्हर मी दिलं होतं. हलकं आहे, छान आहे, असं मीच बोलले होते. तुझं सांगितलं असतं तर माझंही सांगावं लागलं असतं."

तो ओरडेल असं वाटलं. पण तो हिशेब तपासावा तसं एवढंच म्हणाला, "त्या साली बेरिट आजारी होती. मी तिच्या खोलीत बसून काडतुसं भरायचो. मधेच ती हाक मारायची. मधेच मी उठायचो." मग त्यानं टोपी घातली. "मला वाटलं होतं, सगळी आवळून झालीत."

त्या आठवड्यात त्यानं काडतुसं भरायचं यंत्र, साचे, शिसं, सगळं बोटीत घातलं आणि खाडीबाहेर नेऊन पाण्यात टाकलं. हे मला बंदरावरच्या लोकांनी सांगितलं. कुणी म्हणालं, विकलं असतं तर बरे डॉलर आले असते.

सिग्ने नदीवर गेली. पहिला उन्हाळा सुखरूप गेला, दुसराही गेला. हॅल्वर इंजिनं दुरुस्त करत राहिला, पण गिऱ्हाईकं म्हणायची, म्हातारा एकच नट चार वेळा तपासतो. जोडून झालेलं इंजिन तो पुन्हा खोलायचा. कामं रखडायला लागली. काही जणांनी दुसरीकडं जायला सुरुवात केली, आणि त्यांचं चूक होतं असंही म्हणता येणार नाही.

तिसऱ्या उन्हाळ्यात, जुलैच्या शेवटी, सिग्ने सामानासाठी विमानानं गावात आली आणि सरळ माझ्याकडं आली.

"काका कुठंय?"

"त्याच्या शेडमध्ये असेल. काय झालं?"

"चल माझ्याबरोबर. मला एकटीला सांगायचं नाहीये."

हॅल्वर शेडमध्ये बाकावर बसून एक पंप पुसत होता. सिग्ने त्याच्या समोर उलट्या बादलीवर बसली. कुंपणाजवळच्या झुडपातून एक मोठा नर तिच्या अंगावर आला होता. दहा पावलांवरून.

"किती बार टाकलेस?" हॅल्वरनं विचारलं.

"तीन. पहिले दोन पाण्यात, त्याच्या पुढ्यात. थांबला नाही. तिसरा त्याच्या खांद्यात बसला. मग वळला आणि गेला. दुसऱ्या दिवशी आमच्या माणसांनी शोधून काढला, मेला होता."

"तिसऱ्याला चक्री फिरली?"

"फिरली."

"अडकली नाही कुठं? जड नाही गेली?"

"नाही काका. लोण्यासारखी फिरली."

त्यानं पंप बाकावर ठेवला. फडकं घडी करून त्याच्यावर ठेवलं. सिग्नेनं त्याचा हात हातात घेतला. त्यानं तिच्या हाताकडं बघितलं, पाचही बोटं शाबूत आहेत ना असं बघावं तसं, आणि तिच्या केसांवरून एकदा हात फिरवला. नीट घासलेल्या, नीट जोडलेल्या यंत्राबद्दल बोलावं तितक्या शांतपणे तो म्हणाला,

"म्हणजे ऐनारचीही फिरली असती."

सिग्ने "काका, नको" म्हणाली, पुन्हा म्हणाली. तो रडला नाही. खांदे मात्र हळूहळू खाली येत गेले. आम्ही दोघी त्याच्या दोन बाजूंना बसून राहिलो. बाहेर कुणीतरी इंजिन चालू करत होतं. ते दोनदा खोकलं आणि बंद पडलं. हॅल्वरनं कान टवकारले नाहीत.

त्या शरद ऋतूत त्यानं शेड एका तरुण मेकॅनिकला भाड्यानं दिली. सिग्ने अजून नदीवर जाते. रविवारी तो तिची वाट बघत खिडकीत बसलेला असतो, आणि ती नदीवर असते तेव्हाही तिथंच बसतो. मी कधीकधी पिरोक घेऊन जाते. तो ताटलीतलं सगळं संपवतो, ताटली धुऊन परत देतो. आमच्यात रिव्हॉल्व्हरचा विषय निघत नाही. दुकानात आता कुणी हलकं रिव्हॉल्व्हर मागायला आलं, तर मी आधी विचारते, काडतुसं कुठली घालणार. बहुतेक लोक हसतात. मी उत्तर मिळेपर्यंत थांबते.