बाळू आहे की होता

भूत हा शब्द मी आयुष्यभर फक्त भूतकाळ शिकवताना वापरला. शिरूरला मराठीची शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. भुतांच्या अनुभवांच्या अशा सदरांत लोक लिहितात ते पांढरी साडी, पैंजण वगैरे वाचून मी खरंच हसायचे. इतक्या वर्षांत भुतांना दुसरा रंग सुचला नाही का, असं वाटायचं. आज मीच लिहायला बसलेय… तुम्हाला हसायचं असेल तर हसा.

मी स्वतःच्या खर्चाने काही पुस्तकं काढली आहेत. खप म्हणाल तर लग्नाच्या आहेरात. पाकिटाऐवजी पुस्तक देते म्हणून नातेवाइकांनी मला नावं ठेवून झालीत. त्यातलं पहिलं ‘घोडनदीकाठची मंडळी’, म्हणजे शिरूरच्या आणि आमच्या घरातल्या साध्या माणसांवरचे लेख. त्याच्या प्रती संपल्या (हेही एक न सुटलेलं कोडंच!), म्हणून गेल्या वर्षी ते सुधारून पुन्हा काढायचं ठरवलं.

माणसांवरचं जुनं पुस्तक सुधारणं म्हणजे काय, ते तेव्हा कळलं. ‘श्री.’चं ‘कै.’ करायचं, ‘आहेत’चं ‘होते’. लाल पेन घेऊन मी रोज कुणाला तरी पोचवून येत होते. एका बौद्ध शेजाऱ्यांनाही सवयीने ‘कै.’ लावलं, तेव्हा दौंडचे डीटीपीवाले कांबळे म्हणाले, “बाई, आमच्यात कै. न्हाई लावत. कालकथित लिवा.” तेही दुरुस्त केलं. मन उदास व्हायचं, पण काम पुढे सरकत होतं.

आणि मग बाळूचा लेख आला.

बाळू माझा धाकटा भाऊ. दौंडला रेल्वेत नोकरी. कांबळ्यांचं दुकान त्यानेच शोधलं होतं, पुस्तकाची प्रूफं घेऊन तोच शिरूरला यायचा. पुस्तक निघालं, आणि पुढे काही वर्षांनी एका सकाळी “वरवंडला जाऊन येतो” म्हणून घरातून बाहेर पडला तो आजतागायत आला नाही. पोलीस, स्टेशनं, दवाखाने, सगळं पालथं घातलं. ना माणूस, ना निरोप. त्याची बायको शोभा दौंडलाच राहते. तिने फोन नंबर बदलला नाही. फोन वाजला की पिठाच्या हातांनी धावते.

लेखात तर सगळीकडे ‘बाळू आहे, बाळू करतो’. आता काय लिहू? मी शोभालाच विचारलं. ती म्हणाली, “वन्सं, हळदीकुंकवाला मला बोलवायचं का न्हाई, हेच बायकांना कळत न्हाई. तुम्ही तरी एक काय ते लिवा. हाय तर हाय, न्हाई तर न्हाई. मला मधीच ठिवू नगा.”

माझ्याच्याने ‘होता’ लिहवेना. कांबळ्यांना सांगितलं, या लेखाला हात लावू नका, एक स्वल्पविरामसुद्धा नाही.

प्रूफ आलं. मूळ लेखात ‘बाळूची नजर घारीची आहे’ असं वाक्य होतं. त्यापुढे छापलं होतं, ‘आता चष्मा लागतो. एक काडी दोऱ्याने बांधलेली आहे.’

मी तडक एसटी पकडून दौंड गाठलं आणि कांबळ्यांना फैलावर घेतलं. ते बिचारे पांढरे पडले. “बाई, आईशप्पथ, मी ते पान उघडलंसुदिक न्हाई. त्यांनी माझ्या दुकानात च्या पेलाय, मी असली मस्करी करीन व्हय?” आम्ही ती वाक्यं पुसली, पान पुन्हा छापलं. ‘डावा पाय जड झालाय. जिना चढताना मध्ये बसावं लागतं. खोकला आहे.’ हे आता नवीन आलं होतं!

तो कागद शोभाला दाखवायला नको होता, असं आज वाटतं. पण दाखवला. तिने पदर तोंडाला लावला, आणि हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही. “खोकला हाय म्हंजी हाय की वो वन्सं! कुठंतरी हाय!” मग एकदम उठली. “मला न्या तिकडं. मला बी एक वळ लिवायचीय.”

मी तिला समजवायला हवं होतं. मी, शिकलेली बाई, मुकाट्याने तिच्याबरोबर निघाले, कारण मलाही तेच हवं होतं.

भर दुपार, समोर रस्त्यावर गर्दी. कांबळ्यांनी लेखाच्या शेवटी शोभा सांगेल ते, सांगेल तसं टाइप केलं. ‘घरचा पत्ता तोच हाय.’ मी स्वतः स्क्रीनवर सगळा लेख वाचला. बाळू आहे, बाळू करतो, बाळू म्हणतो. मग त्यांनी प्रिंट दिली.

कागद बाहेर आला. शोभाचं वाक्य जसंच्या तसं होतं. त्याच्या वरची सगळी क्रियापदं बदलली होती. बाळू होता. करायचा. म्हणायचा. आणि शोभाच्या वाक्यापुढे दोन शब्द होते.

‘माहीत होतं.’

स्क्रीनवर अजूनही ‘आहे’च होतं. कांबळ्यांनी पुन्हा प्रिंट काढली, पुन्हा तेच. मग त्यांनी यंत्राचं बटणच बंद केलं.

शोभा एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचत होती. तिचा हात कपाळाकडे गेला आणि टिकलीपाशी थांबला. “वन्सं, तुम्ही बाई हाय ना शाळेतल्या… ‘होतं’ म्हंजी काय वो?”

‘काळ ओळखा’ हा प्रश्न मी हजारो मुलांना घातला असेल. उत्तर मला येत होतं. मी तो कागद तिच्या हातातून काढून घेतला.

कांबळ्यांनी दुसऱ्या जाणकाराकडून कॉम्प्युटर तपासून घेतला, प्रिंटर तपासला. काही सापडलं नाही. ती वाक्यं कुणी लिहिली, बाळू कुठल्या जिन्यावर बसायचा, पत्ता माहीत होता तर आला का नाही… मला काहीही माहीत नाही. विश्वास ठेवा असंही मी म्हणत नाही. पुस्तक त्या पानापाशी अडून पडलंय. तिथे कुठला काळ घालायचा ते मला ठरवता येत नाही.

शोभा टिकली लावते. परवा मी तिच्याकडे गेले होते. ती परातीपाशी बसली होती आणि फोन वाजला. बराच वेळ वाजत राहिला. ती भाकरी थापत राहिली.