एकशेविसाव्या दिवसाची माती

दुपारी ओसरीवर, मातीच्या ढिगाशेजारी मी आडवी होते. डोळे मिटतात, पण पंख्याची घरघर ऐकू येत राहते. चादरीवर आठ किलो माती आहे, सावलीत वाळवलेली. आईच्या प्रयोगातला हा शेवटचा नमुना, शेणखताच्या वाफ्यातला. त्यातली अर्धा किलो तपासायला द्यायची, बाकीची टाकायची. ते खत तिनं स्वतःच्या हातांनी कालवलं होतं. तीन दिवस झाले, टाकवत नाही.

"अजून ढीगच?"

आई समोर उकिडवी बसली आहे. ती जाऊन दीड महिना झाला, हे मला माहीत आहे. तिलाही माहीत असावं.

"करते गं."

"एवढी पुस्तकं वाचलीस, आणि मातीचे चार भाग करता येईनात?"

ओसरी आता तिची जुनी प्रयोगशाळा आहे. इथे तीस वर्षं तिनं लोकांच्या शेतांची माती तपासली. नळ्यांच्या दोन रांगा उभ्या आहेत, ठरावीक दिवसांनी काढलेल्या मातीची एकेक नळी. निळा रंग जितका गडद, तितकं पिकाला मिळणारं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, जास्त. पहिली रांग नुसत्या सुपर फॉस्फेट खताची; सुरुवातीला गडद, मग फिकट होत गेलेली. दुसरी शेणखतात मिसळून दिलेल्या सुपरची. तिथला निळा बराच टिकला आहे, पण शेवटची, एकशेविसाव्या दिवसाची नळी रिकामी.

"पहिल्या रांगेतलं कुठे गेलं?"

"जाईल कुठे? जमिनीतच आहे. आपल्या मातीतल्या चुन्यानं धरून ठेवलंय. मुळांना मिळत नाही, एवढंच."

मी रिकामी नळी उचलून बघते.

"ही नळी राहिली, कुमुद, तर चार महिने फुकट."

आता रुग्णालय आहे; पलंगावर पांढरी चादर, तिच्यावर माती. नर्स सलाईन बघून जाते, मातीबद्दल काही म्हणत नाही. आई डावखुरी. डाव्या हातानं ती ढीग सपाट करते, तर्जनीनं त्यावर अधिकचं चिन्ह काढते.

"समोरासमोरचे दोन टाक. उरलेली पुन्हा पसर, पुन्हा चार कर."

"त्यात तू कालवलेलं खत आहे."

"मग उरलेल्या दोनांत नाही का? चांगलं कालवलंय मी."

"आणि टाकलेली?"

"वाफ्यात नेऊन टाक. तिथलीच आहे."

वीज गेली आहे, घामानं जाग येते. चादरीवरची माती सपाट झाली आहे आणि तिच्यावर एक आडवी, एक उभी सरळ रेघ.

मी उजव्या हातानं लिहिते, उजव्या हातानं जेवते. माती माझ्या डाव्या तर्जनीच्या नखात आहे.

घमेलं ओढून घेते आणि समोरासमोरचे दोन भाग त्यात भरते.