निळ्याशी कुणाचं पटेना

मनःशांतीसाठी आम्ही घरात मासे आणले, आणि पहिली तक्रार बादलीवरून झाली.

मी मूळचा पुण्याचा, नोकरी बंगळूरच्या बेळ्ळंदूरला. त्या ट्रॅफिकमधून घरी पोचल्यावर तंद्री लावून बसायला मला काहीतरी हवं होतं. म्हणून हॉलमध्ये काचेची मोठी टाकी मांडली आणि सिक्लिड जातीचे मासे आणले. एक निळा, एक पिवळा, बाकीचे पट्ट्यापट्ट्यांचे. दुकानदाराने बजावलं होतं की हे फार भांडकुदळ. दगड भरपूर टाका, लपायला जागा ठेवा. मी मान डोलावली. (मी तेव्हा निळ्याच्या शेपटीकडे बघत होतो.) दगडांनी शोभा जाईल म्हणून दोनच घेतले.

पहिली संध्याकाळ स्वप्नातली होती. टाकीतला दिवा लावल्यावर छतावर पाण्याची जाळी हलायला लागली, पंपाचा बुडबुड आवाज दूर कुठूनतरी यावा तसा येत राहिला, आणि थोड्या वेळाने मलाही कल्ले फुटल्यासारखं वाटू लागलं. माझी बायको शर्वरी जेवायला हाका मारून गेली म्हणे. मला ऐकू आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी निळ्याने दोन्ही दगड ताब्यात घेतले. पिवळा जवळून गेला की हा बाणासारखा सुटायचा. पकडापकडी चाललीय, असं मी शर्वरीला कौतुकाने दाखवलं. तिने वाकून पाहिलं.

"अरे, त्याची अर्धी शेपूट कुठाय?"

मी घाईघाईने पिवळ्याला जाळीने काढून, टाकीतल्याच पाण्यासकट, न्हाणीघरातल्या बादलीत सोडलं. ती बादली अक्कांची होती. अक्का म्हणजे शर्वरीची आत्या. जे. पी. नगरमधल्या त्यांच्या घराला रंग लावणं चालू होतं, म्हणून त्या आमच्याकडे आल्या होत्या. सकाळी त्यांनी त्या बादलीत तांब्या बुडवला. त्यापुढचं कन्नडमध्ये झालं आणि मला ते फारसं कळलं नाही, हे बरंच झालं.

पिवळा गेल्यावर निळा पट्टेवाल्यांच्या मागे लागला. एकाला मी टबात हलवलं. मग दुसऱ्याचं अंग सोललेलं दिसलं, म्हणून त्याला अक्कांच्या इडलीचं पीठ आंबवायच्या पातेल्यात ठेवलं. शेवटी घरातलं प्रत्येक मोठं भांडं कुणा ना कुणा जखमीला गेलं, आणि एवढ्या मोठ्या टाकीत निळा एकटा फेऱ्या मारत राहिला. खरं सांगतो, तो फार सुंदर दिसत होता. मी पुन्हा तंद्रीत जाणार, एवढ्यात अक्का शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"अहो जावई," त्या अगदी हळू म्हणाल्या, "मारणारा राजवाड्यात आणि मार खाल्लेले माझ्या पातेल्यात. हे सरी आहे का? बरोबर आहे?"

ही साधी गोष्ट मला सुचली नव्हती. मी खांद्यापर्यंत हात घालून निळ्याला पकडलं. त्याने बोटाला चावा घेतला, माझा शर्ट भिजला, गालिचाही भिजला. मग निळा बादलीत आणि बाकीचे परत टाकीत गेले आणि घर सुटकेचा निःश्वास टाकणार, तोच त्या अर्धशेपट्या पिवळ्याने दोन्ही दगडांचा कब्जा घेतला आणि पट्टेवाल्यांवर धावून गेला! ज्याच्यासाठी मी हळहळलो होतो, तोच.

आता मात्र मी मुकाट्याने दुकानात जाऊन पिशवीभर दगड आणले. कपारी झाल्या, ज्याला त्याला आडोसा मिळाला, भांडणं चिडवाचिडवीवर आली. अक्कांना पातेलं परत मिळालं, तेही तीनदा उकळून. आता टाकीसमोर शर्वरी आणि अक्का संध्याकाळी तासन्‌तास बसतात.

निळ्यासाठी वेगळी टाकी आणावी लागली. ती माझ्या कामाच्या खोलीत, माझ्या टेबलावर ठेवलीय. मी खुर्चीत बसलो की तो पंख फुलवून काचेवर धडका देतो, म्हणून मी खुर्ची जरा मागे घेतली. मग आणखी जरा. सध्या लॅपटॉप मांडीवर घेऊन दाराशी बसतो. काल अक्का चहा घेऊन आल्या, सगळीकडे नजर फिरवली आणि मायेने विचारलं, "पुरते ना रे जागा तुला?"

मी हो म्हणालो. मग लक्षात आलं, त्या मला कधी अरे-तुरे करत नाहीत.