अँटीबॉडी निघाल्या तेव्हा

"याला कशाला किट? याच्या रक्तातच आहे," साहेब म्हणाला. "यांचे लोक गावात मेलेली ढोरं ओढायचे. कुणाला काही झालं का?"

सगळ्यांसमोर. बहरीनमध्ये, सलमाबादच्या आमच्या कामगार कॅम्पात, जेवणाच्या हॉलमध्ये, आजाऱ्यांच्या घरी कामाला जाणाऱ्यांना पीपीई किट वाटताना. बोलला मराठीत, म्हणून बाकीच्यांना कळलं नाही. मग त्याने तेच हिंदीत सांगितलं. सावकाश. बिहारी, नेपाळी, मलबारी, सगळे हसले.

मीही हसलो.

नव्या साथीची पहिली लाट तेव्हा जरा ओसरली होती. कंपनीने सगळ्यांचं रक्त तपासून घेतलं. तपासणीला आलेली सिस्टर वसईची. मला म्हणाली, "तुमच्या रक्तात अँटीबॉडी निघाल्यात. म्हणजे आजार तुम्हाला होऊन गेलाय, कळलं नाही एवढंच. पण परत होणार नाही असं समजू नका हां. मास्क लावायचाच." मला उलट बरं वाटलं. बायकोला फोन करून सांगितलं, घाबरू नको, माझं रक्त चांगलं आहे.

त्याच रक्तातून साहेबाने माझी जात बाहेर काढली.

बहरीनला आल्यापासून मी नुसता एसी मेकॅनिक होतो. रूमवर आम्ही एका ताटात जेवायचो. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. साहेब मात्र आमच्याच तालुक्यातला. आडनावावरून त्याला पहिल्याच दिवशी कळलं असणार.

खोटं तो काही बोलला नव्हता. माझ्या आज्याने ढोरं ओढली. बापाने एक दिवस नाही म्हटलं. त्यापायी गावाने त्याला चावडीपुढे मारलं, तरी तो नाहीच म्हणत राहिला. त्या बापाचा मी पोरगा. आणि मी दात काढले.

सगळे हसले त्याच दुपारी मला किटशिवाय अरादला एका घरी एसी दुरुस्तीला पाठवलं. घरातली सगळी माणसं आजारी. एसी बंद, बाहेर आग ओकणारं ऊन. मालक म्हातारा अरब, दारात लांब उभा. माझ्या उघड्या तोंडाकडे बघून म्हणाला, "मास्क मफी? मास्क नहीं?"

मी खाली बघितलं. तो आत गेला, मास्कचा खोका आणून पायरीवर ठेवला आणि मागे सरला. "यल्ला, पहले ये पहनो."

मास्क लावला. त्याच्या आड रडलो. मग फिल्टर धुवायला घेतले. माझं तोंड उघडं आहे हे या परक्या माणसाला दिसलं, आणि मला साहेबाकडे साधा मास्कही मागता आला नव्हता.

दुसऱ्या सकाळी बसपाशी साहेब म्हणाला, "चल, आजही आजाऱ्याचं घर. तुझंच काम ते."

मी बसमधून खाली उतरलो. सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत बोललो. "किट के बिना नहीं जाऊंगा. कल आपने जो बोला, वो काम मेरे दादा करते थे. मेरे बाप ने छोड़ दिया. मैं भी नहीं करूंगा."

कुणी हसलं नाही. माझ्यासोबत कुणी उतरलंही नाही.

"व्हिसा कॅन्सल करू?"

"करा." हे मराठीत.

केला नाही. दया आली म्हणून नव्हे, उन्हाळ्यात मेकॅनिक मिळत नाहीत म्हणून. मला गोडाऊनमध्ये टाकलं, जुने पार्ट घासायला. माझ्याऐवजी गेलेल्याला त्या दिवशी किट मिळालं. रूमवर दोघांनी आपलं ताट वेगळं केलं.

पोरगी पुण्यात शिकते. तिला मी यातलं कधी काही कळू दिलं नव्हतं. शुक्रवारी फोन लावला आणि सगळं सांगितलं. आज्याचं, बापाचं, माझ्या हसण्याचंही.

तिने विचारलं, "पप्पा, पण तुम्ही का हसलात?"

हसलो ते हसलोच, ते पुसून जात नाही. पण यापुढे माझ्या माणसांवर कुणी हसलं, तर त्या हसण्यात माझा आवाज नसेल. मी मधे उभा राहीन. नोकरी गेली तरी.